रायफल आली, कारखाना आला नाही

१५ सप्टेंबर १९४८ रोजी, हैदराबादवरच्या कारवाईच्या तिसऱ्या दिवशी, लातूर आणि मोमिनाबाद (आजचं अंबाजोगाई) या भागात भारतीय फौजांची गाठ निजामाच्या थर्ड गोलकोंडा लान्सर्सशी पडली. लान्सर्सनी नावापुरता प्रतिकार केला आणि शस्त्रं खाली ठेवली. पुढच्या दोन दिवसांत संस्थानानेच शरणागती पत्करली. त्याआधीचे काही महिने मात्र निजामाकडे विमानांनी परदेशी हत्यारं उतरत असल्याची बोलवा होती, आणि ती निराधार नव्हती. सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक लँकेस्टर बॉम्बरवरून बेतलेली लँकॅस्ट्रियन विमानं घेऊन कराचीहून उडत असे आणि बीदर, वरंगळ, हैदराबाद इथल्या धावपट्ट्यांवर माल उतरवत असे. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे आजच्या लातूर जिल्ह्यातले तालुके तेव्हा बीदर जिल्ह्यातच मोडत, तेव्हा हा उद्योग काही दूरदेशी चाललेला नव्हता. १९४९ मध्ये लंडनच्या न्यायालयाने कॉटनला या चोरट्या वाहतुकीबद्दल २०० पौंड दंड केला. मग एवढा खटाटोप करून आणलेल्या हत्यारांनी निजामाला काय दिलं? भारताचे रणगाडे, भारताचं संख्याबळ आणि संस्थानातल्या जनतेचा लढा ही उत्तरं बरोबरच आहेत. पण त्यांच्या खाली आणखी एक कारण आहे आणि त्याच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. रायफल विमानातून आणता येते. तिला काडतुसं, सुटे भाग आणि दुरुस्ती पुरवणारा कारखाना विमानातून आणता येत नाही. तो कारखाना ज्याच्या हातात, त्याच्याच मर्जीवर ती रायफल चालते.

हे समजून घ्यायला त्या काळच्या सर्वांत प्रचलित रायफलीकडे जरा जवळून पाहायला हवं. आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसलेली ‘थ्री नॉट थ्री’ म्हणजे ली-एनफील्ड. बोल्टची रचना जेम्स पॅरिस ली या स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या तंत्रज्ञाची आणि एनफील्ड हे लंडनजवळच्या सरकारी कारखान्याचं गाव. १९०७ मध्ये तिचा मार्क थ्री हा नमुना आला आणि पहिल्या महायुद्धात तो लाखोंनी बनला. पण सगळ्या रायफली एनफील्डमध्ये बनल्या नाहीत. बर्मिंगहॅमची बीएसए, लंडनची एलएसए, ऑस्ट्रेलियातला लिथगोचा कारखाना आणि बंगालमधला ईशापूरचा कारखाना हे सगळे तीच रायफल बनवत होते. युद्धाच्या धामधुमीत तर इंग्लंडमध्ये लहान-लहान कंपन्यांना एकेक भाग वाटून दिला गेला आणि जुळवणी एनफील्डला झाली. त्यामुळे रायफलीचं मूळ ओळखायचं तर नळी किंवा दस्ता पाहून भागत नाही. बोल्टच्या दांडीखाली, जिथे दस्ता लोखंडी कड्यात बसतो, तिथे उजव्या बाजूला ठसा असतो. वर मुकुट, खाली राजाची अद्याक्षरं, मग कारखान्याचं नाव, वर्ष आणि नमुना. इंग्लंडच्या रायफलीवर ‘जीआर’, तर ईशापूरच्या रायफलीवर ‘जीआरआय’ असं उमटलेलं असतं. तो शेवटचा आय म्हणजे इंपरेटर, हिंदुस्थानचा सम्राट.

एकाच रेखाचित्रावरून बनलेल्या या रायफलींचे भाग एकमेकांना सरसकट बसतात, असा समज होणं स्वाभाविक आहे. कागदावर तो खरा आहे, शस्त्रागारात नाही. .३०३ च्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली किनार असते आणि ते काडतूस त्या किनारीवर टेकून नळीत बसतं. बोल्ट बंद केल्यावर त्याचं डोकं आणि नळीची मागची कड यांच्यामध्ये या किनारीपुरती फट राहायला हवी. ती तपासायला दोन मापकं असतात, एक ६४ हजारांश इंचाचं आणि एक ७४ हजारांश इंचाचं. पहिल्यावर बोल्ट बंद झालाच पाहिजे, दुसऱ्यावर बंद होता कामा नये. म्हणजे सगळा खेळ पाव मिलिमीटरचा. फट त्याहून वाढली तर बार उडताना पितळी नळकांडं मागे ताणलं जातं आणि बुडाजवळ तुटू शकतं. मग तापलेला वायू नेम धरणाऱ्याच्या तोंडाकडे येतो. म्हणूनच बोल्टच्या दांडीवर आणि रायफलीच्या अंगावर एकच क्रमांक ठोकलेला असतो. एका रायफलीचा बोल्ट दुसरीत सरकवला तर तो बहुधा सरकेलही, पण मापक लावून पाहिल्याशिवाय कोणताही जाणता आरमोरर तो वापरू देणार नाही. लाकडाचंही असंच. ईशापूरने दस्त्याच्या पुढच्या भागात मजबुतीसाठी एक जादा स्क्रू घातला. लिथगोने तिथल्या मऊ लाकडात धक्का सोसण्यासाठी तांब्याचे तुकडे बसवले. प्रत्येक कारखान्याने आपल्या हवेला आणि आपल्या झाडांना जुळतील असे फरक केले. त्यांतला प्रत्येक फरक क्षुल्लक आहे, पण डेपोच्या फळीवर सुटे भाग रचून ठेवणाऱ्याला त्या प्रत्येकाचा हिशेब ठेवावा लागतो.

दुसऱ्या महायुद्धात हा गुंता वाढला. इंग्लंडने ‘नंबर फोर’ ही नवी ली-एनफील्ड काढली. ती इंग्लंडमधल्या फझाकर्ली, माल्टबी आणि शर्ली इथल्या कारखान्यांत, कॅनडातल्या लाँग ब्रांचमध्ये आणि अमेरिकेत सॅव्हेज कंपनीत बनली. सॅव्हेजच्या रायफलींवर अमेरिकी सरकारच्या मालकीचा ठसा असतो, कारण त्या उसनवारीवर दिल्या होत्या. ईशापूर आणि लिथगो मात्र जुनाच ‘नंबर वन’ नमुना काढत राहिले. दोन्हींचं काडतूस एकच, मॅगझिनमध्ये दहा राउंड आणि पाच-पाचच्या पट्टीने भरायची रीतही तीच. पण नळी, बोल्टचं डोकं, माशी, संगीन यांचं एकमेकींशी जमत नाही. नंबर वनची संगीन हातभर पात्याची, नंबर फोरची दाभणासारखी. नंबर फोरमध्ये फट नीट करण्यासाठी बोल्टची डोकी शून्य ते तीन अशा क्रमांकांची बनवलेली असतात, हव्या त्या मापाचं बसवायचं. नंबर वनमध्ये ती सोय नाही. म्हणजे ज्या फौजेकडे ईशापूरच्या रायफली आहेत तिला परदेशातून नंबर फोर मिळाल्या तर एक अडचण सुटते आणि दुसरी सुरू होते. गोळ्या एका पेटीतून चालतील, पण भाग दोन पेट्यांत ठेवावे लागतील, आणि दुसरी पेटी भरणारा देश समुद्रापलीकडे असेल.

आता १९४८ चा नकाशा पाहा. संस्थानी फौजांना शस्त्रं आणि दारूगोळा ब्रिटिश हिंदुस्थानच्या सरकारकडून मिळत असे आणि हैदराबादची फौजही त्याच व्यवस्थेत वाढलेली होती. ही व्यवस्था उभी होती आपल्या आजूबाजूला: रायफली ईशापूरच्या आणि काडतुसं खडकीची. पुण्याजवळचा खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालू आहे. त्याच्या काडतुसांच्या बुडावर ‘के’ आणि ‘एफ’ ही अक्षरं असत आणि मधे सरकारी मालकीचा बाण. फाळणीच्या वेळी देशात सोळा आयुध कारखाने होते आणि ते सगळेच्या सगळे भारतात राहिले. पाकिस्तानच्या वाट्याला एकही आला नाही. पाकिस्तानातला वाहचा कारखाना १९५१ चा. म्हणजे ज्या देशातल्या कराचीतून कॉटनची विमानं उडत होती त्या देशालाच १९४८ मध्ये स्वतःची रायफल किंवा काडतूस बनवता येत नव्हतं. चहूबाजूंनी भारताने वेढलेल्या, बंदर नसलेल्या संस्थानाला अशा देशाकडून नियमित पुरवठा होणं अशक्य होतं. २९ नोव्हेंबर १९४७ च्या ‘जैसे थे’ करारानंतर भारताने शस्त्रपुरवठ्यात हात आखडता घेतला. त्या क्षणी हैदराबादची फौज शिलकीवर जगू लागली. ट्रॅक्टर घ्यायला पैसे आहेत, पण त्याचा पार्ट जिल्ह्यात कुठेच मिळत नाही, ही अडचण मराठवाड्यात कोणाला समजावून सांगायला नको.

या परावलंबनाची मुळं दीडशे वर्षं मागे जातात. अठराव्या शतकाच्या शेवटी निजामाच्या पदरी असलेल्या रेमंड या फ्रेंच सेनानीने हैदराबादेत तोफा ओतायचा कारखाना उभा केला होता. शहरातल्या गनफाउंड्री या भागाचं नाव त्यावरूनच पडलं. १७९८ मध्ये तैनाती फौजेचा करार झाला, रेमंडच्या मृत्यूनंतर त्याच्या पलटणी इंग्रजांनी निःशस्त्र केल्या, आणि स्वतःचं हत्यार स्वतः घडवायची संस्थानाची वाट तिथून पुढे अरुंद होत गेली. हिंदुस्थानातल्या सर्वांत श्रीमंत संस्थानिकाला १९४८ मध्ये एका भाडोत्री वैमानिकावर विसंबावं लागलं, ते या एकशेपन्नास वर्षांच्या हिशेबाचं फळ होतं.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: लढाई पाच दिवसांत संपली, पाच दिवसांत कोणत्या रायफलीचा बोल्ट झिजतो? कोणत्याच नाही. पण पुरवठ्याचा परिणाम लढाई सुरू होण्याआधीच होऊन गेलेला असतो. काडतुसं मोजून द्यावी लागली की पहिली कात्री नेमबाजीच्या सरावाला लागते, आणि सराव नसलेल्या शिपायाच्या हातात चांगली रायफलही वाया जाते. हैदराबादच्या नियमित फौजेत २२ ते २४ हजार माणसं धरली जातात, त्यांपैकी पूर्ण प्रशिक्षित आणि सुसज्ज साधारण सहा हजार. निजामाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या रझाकार या निमलष्करी संघटनेचं तर विचारूच नका. तिचा नेता, लातूरला वकिली करणाऱ्या कासीम रझवीने दोन लाखांच्या गोष्टी केल्या, पण त्या जमावात आधुनिक बंदूक असलेले जेमतेम चौथा हिस्सा. बाकीच्यांच्या हातात तलवारी आणि ठासणीच्या बंदुका. निःशस्त्र खेड्यावर चालून जायला तेवढं पुरलं, आणि त्याचे घाव नांदेड-लातूरच्या गावांनी सोसले. फौजेसमोर ते पुरणारं नव्हतं. नव्या रायफली आल्या असत्या तरी तीन चतुर्थांश लोकांना त्या देणं, शिकवणं आणि गोळ्या पुरवत राहणं हे विमानाच्या पोटात मावणारं काम नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हैदराबाद स्टेट काँग्रेसचे सशस्त्र कार्यकर्ते सरहद्दीपलीकडच्या कॅम्पांतून लढत होते. जानेवारी १९४८ मध्ये त्यांनी नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक लुटून लढ्यासाठी पैसा उभा केला. त्यांच्यामागे कुठला कारखाना होता? मिळेल ते हत्यार घेऊन ते लढलेच ना? लढले, आणि त्यांच्या धैर्याचं श्रेय रायफलीला द्यायचं कारण नाही. पण त्यांची पाठ ज्या सरहद्दीला होती तिच्या पलीकडे मुंबई इलाखा आणि मध्यप्रांत-वऱ्हाड होते, म्हणजे खडकी ज्या बाजूला होती तीच बाजू. शिवाय गनिमी तुकडीला मोठ्या फौजेइतका साठा लागत नाही. शत्रूकडून हिसकावलेली रायफल तिला लगेच उपयोगी पडते, ती का? तर शत्रूही तेच काडतूस वापरत असतो म्हणून. अनेक दशकांनंतर गडचिरोलीच्या जंगलात नक्षलवाद्यांनी पोलिसांची हत्यारं लुटण्यावर भर दिला, त्यामागचं गणितही हेच. हत्यार आणि गोळी एकाच नाकाबंदीवर मिळतात. म्हणजे हा आक्षेप माझं म्हणणं खोडत नाही, उलट कारखान्याची सावली किती लांब पडते तेच दाखवतो.

तिसरा आक्षेप सरहद्द प्रांताचा दाखला देतो. दर्रा आदमखेलचे कारागीर कानस आणि हातोड्यावर ली-एनफील्डची हुबेहूब नक्कल करतात, मग कारखाना हवाच कशाला? त्यांचं कसब वादातीत आहे. पण हाताने घासून बसवलेला भाग त्या एकाच रायफलीचा होतो, शेजारच्या रायफलीत तो चालेलच असं नाही. शंभर शिपायांच्या तुकडीला शंभर वेगवेगळे कारागीर पुरवता येत नाहीत. आणि काडतूस तर कानशीवर बनत नाहीच. पितळेच्या चकतीपासून टप्प्याटप्प्याने ओढलेलं नळकांडं, बुडातली आघाताने पेटणारी टोपी, नेमक्या वजनाची बिनधुराची दारू यांना रसायनशाळा, दाबयंत्रं आणि सततची तपासणी लागते.

सुट्या भागांची आणि काडतुसांची ही जुळणी म्हणजे तंत्रज्ञांची सोय, असं मानलं तर राज्यकर्त्यांचं वागणं उलगडत नाही. त्यांनी ही जुळणी अनेकदा मुद्दाम मोडली आहे. १८५७ नंतर इंग्रजांनी देशी पलटणींच्या हातून आटे असलेली एनफील्ड काढून घेतली आणि वेगळ्या मापाची गुळगुळीत नळीची बंदूक दिली, तिचा पल्ला आणि नेम दोन्ही कमी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला .४५० मापाच्या खासगी रायफलींना हिंदुस्थानात बंदी झाली, कारण जुन्या लष्करी मार्टिनी-हेन्रीला त्या मापाची गोळी चालत होती. बंदुका बनवणाऱ्या विलायती कंपन्यांनी मग .४६५, .४७० अशी नवी मापं काढून शिकाऱ्यांचा धंदा राखला. तीच रीत आजही कायद्यात आहे. आपल्याकडे परवानाधारकाला .३०३ ठेवता येत नाही, ते प्रतिबंधित माप आहे. आयुध कारखान्याची जी .३१५ रायफल परवान्यावर मिळते तिची यंत्रणा ली-एनफील्डचीच आहे, फक्त काडतूस जुन्या ऑस्ट्रियन मॅनलिकरच्या ८ मिमी घराण्यातलं. यंत्र तेच ठेवायचं आणि गोळी बदलायची, म्हणजे सरकारी दारूगोळा खासगी बंदुकीत जाणार नाही. मला यात कायद्याचं शहाणपण दिसतं. बंदुकीपेक्षा गोळीवर पहारा ठेवणं नेहमीच सोपं असतं.

स्वातंत्र्यानंतर भारतालाही या धड्याची दुसरी बाजू अनुभवायला मिळाली. १९६२ च्या चीन युद्धानंतर ईशापूरने जुन्या नंबर वनच्याच अंगाला अधिक चांगलं पोलाद वापरून ७.६२ मिमीची टू-ए ही रायफल काढली, म्हणजे नव्या काडतुसाला जुनी यंत्रणा जुळवून घेतली. त्याच सुमारास आलेली एसएलआर ही स्वयंभरणी रायफल बेल्जियमच्या एफएन कंपनीच्या नमुन्यावरून, इथेच रेखाचित्रं करून बनली. ती घराण्याने एफएनची, पण तिचे सगळे भाग ना युरोपातल्या मेट्रिक रायफलीत मुकाट बसतात, ना ब्रिटिशांच्या इंचाच्या रायफलीत. काहींना हे आपल्या कारखान्याचं अपयश वाटतं. मला ते तसं वाटत नाही. लाखो एसएलआर आपल्या पोलिसांनी आणि सैन्याने अनेक दशकं चालवल्या, त्यांचे भाग आपल्याच डेपोतून आले आणि कुणा परदेशी मंत्रालयाची परवानगी लागली नाही. दुसऱ्या देशाच्या भागाशी जुळण्यापेक्षा स्वतःच्या पुढच्या वर्षीच्या भागाशी जुळणं महत्त्वाचं.

म्हणूनच अलीकडच्या दोन खरेद्या शेजारी ठेवून पाहाव्यात. २०१९ मध्ये अमेरिकेच्या सिग सॉअरकडून ७२,४०० सिग-७१६ रायफली मागवल्या. त्यांचं काडतूस ७.६२×५१, म्हणजे एसएलआरच्याच जातीचं, पण मॅगझिन वेगळ्या घराण्याचं आणि भाग सगळे बाहेरचे. दुसरीकडे डिसेंबर २०२१ च्या करारानुसार अमेठी जिल्ह्यातल्या कोरवा इथे भारत-रशिया भागीदारीत ६,०१,४२७ एके-२०३ बनवायच्या ठरल्या, आणि त्यांत देशी भागांचं प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढवायचं. रायफल म्हणून कोणती सरस यावर जाणकार वाद घालत राहतील. दुसरा व्यवहार मला अधिक शहाणपणाचा वाटतो. नळी आणि बोल्ट इथे घडू लागले की मालकी खऱ्या अर्थाने आपली होते. तोवर मात्र कोरवाच्या रायफलीतही मॉस्कोचा शब्द थोडासा राहणारच, हे युक्रेनच्या युद्धाने साऱ्या जगाला दाखवलं.

नांदेड आणि लातूरच्या स्थानिक इतिहासावर काम करणाऱ्यांना एक विनंती. मुक्तिसंग्रामाच्या प्रदर्शनांत कुठे एखादी जुनी रायफल ‘रझाकारांकडची परदेशी रायफल’ म्हणून दाखवली जात असेल तर तिच्या दस्त्याजवळचं कडं आधी पुसून ठसा वाचा. तिथे ‘जीआरआय’ आणि ईशापूर असेल तर ती बाहेरून आलेली नाही, संस्थानाला ती आपल्याच कारखान्याने आधी कधीतरी दिलेली असण्याचा संभव जास्त. मुकुटाच्या जागी सिंहांची राजमुद्रा असेल तर ती १९४८ ची असण्याचा संभव फारच कमी, कारण ती मुद्रा प्रजासत्ताकाने २६ जानेवारी १९५० ला स्वीकारली. ‘एफआर’ किंवा ‘एफटीआर’ अशी अक्षरं असतील तर रायफल नंतर कारखान्यात दुरुस्त झाली आहे आणि तिच्यावरचे सगळे भाग मूळचे धरू नयेत. बोल्टचा क्रमांक अंगावरच्या क्रमांकाशी जुळतो का, तेही लिहून ठेवा. हे सगळं छायाचित्रासह नोंदलं गेलं तर कराचीहून खरोखर काय उतरलं आणि खडकी-ईशापूरच्या शिलकीतलं किती होतं, याचा हिशेब ऐकीव गोष्टींवर न राहता लोखंडावर उभा राहील.